यादीतून मी गाळलेली नावं

पंचफुलाबाई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या वसतिगृहाच्या पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. मी नुकतीच चौथी पास झाले होते. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून बाबा मला घेऊन चंद्रपूरला आले होते. बाबा रस्त्याच्या कामावर मजूर. पायरीखाली चपला काढून ते उभेच राहिले आणि अधीक्षिका कुठे भेटतील, असं त्यांनी तांदूळ निवडणाऱ्या बाईंनाच विचारलं.

"मीच आहो. बसा भाऊ," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता पाढे विचारतील. बाईंनी पाढे विचारले नाहीत, नावही विचारलं नाही. बाबांकडे पाहून म्हणाल्या, "पोरीले खायले काय आवडते?"

बाबा गोंधळले. त्यांना ते माहीत नव्हतं. आमच्या घरी जे शिजे ते सगळे खात. बाई माझ्याकडे वळल्या. "तूच सांग बाप्पा. तुझ्या बाबालेबी कळन."

मी म्हटलं, "कढी." त्या आठवड्यात वसतिगृहात कढी झाली, आणि वाढताना बाईंनी माझ्या ताटाजवळ थांबून आणखी एक पळी घातली.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी वसतिगृहाच्या दुरुस्तीच्या मोहिमेवर लिहावं, असं गौरवसमितीने सुचवलं. माजी विद्यार्थिनींना शोधणं, त्यांना कामाला जोडणं, देणगीसाठी त्यांच्या दाराशी जाणं या सगळ्यात मी सुरुवातीपासून होते, म्हणून हा विषय माझ्याकडे आला. मी दोनदा नाही म्हटलं. नकाराचं कारण समितीतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ते आज इथे लिहिते आहे. ज्यांच्या गौरवासाठी आपण सारे जमलो आहोत त्यांच्याविषयी खरं लिहायचं, तर मला स्वतःविषयी खोटं लिहिता येणार नाही.

आमचं वसतिगृह शहराच्या जुन्या तटबंदीच्या, परकोटाच्या आतल्या एका जुन्या दुमजली इमारतीत आहे, हे बहुतेक वाचकांना माहीत आहे. कोरपन्याकडच्या कापूस वेचणाऱ्यांच्या मुली तिथे असत, आमच्यासारख्या धानपट्ट्यातल्या असत, गडचिरोलीच्या आतल्या गावांतून आलेल्या गोंड मुली असत. संध्याकाळी बाईंची बुद्धवंदना होई. जिला बसायचं ती बसे, जिला नाही ती भाजी चिरे. कुणाला कधी विचारलं गेलं नाही. एका वर्षी सिरोंच्याहून एक मुलगी आली. तिला तेलुगूखेरीज काही येत नव्हतं आणि ती दिवसभर कोपऱ्यात बसून रडे. बाईंनी तिच्याकडून दहा-बारा शब्द विचारून घेतले आणि कोळशाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिले: पाणी म्हणजे नीळ्ळु, भात म्हणजे अन्नम्. आम्हा सगळ्यांना ते पाठ करायला लावले. आम्ही कुरकुर केली, तर म्हणाल्या, "ती एकटी आहे न तुमी चाळीस आहा. कोनी शिकाचं मंग?" महिन्याभरात ती मुलगी आमच्याशी मराठीत भांडू लागली.

या ग्रंथात अनेकांनी बाईंच्या एका सवयीचं कौतुक केलं असेल. बाई प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतात. फोन आला की वेळ, नाव, निरोप. कोणी भेटून गेलं की काय बोलणं झालं ते. पदराच्या टोकाला बांधलेली पेन्सिल आणि कमरेला खोचलेली छोटी वही, अशीच बाईंची मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. शिस्त असावी तर अशी, असं सगळे म्हणतात. मी वसतिगृहात आले तेव्हा बाईंना ही सवय नव्हती. ती कशी लागली, ते मला माहीत आहे.

अडीच वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या खोलीत छताचा मोठा पोपडा मुलींच्या पलंगावर पडला. मुली शाळेत होत्या म्हणून निभावलं. तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी स्पष्ट सांगितलं की पुढच्या जूनच्या आत दुरुस्ती झाली नाही, तर इथे मुली ठेवता येणार नाहीत. अनुदानाचे कागद फिरत होते, पण कागद फिरेपर्यंत जून येणार होता. वसतिगृह बंद झालं असतं, तर जवळच्या गावांतल्या मुली कशाबशा एसटीने ये-जा करत राहिल्या असत्या. जंगलातल्या गावांच्या मुली घरी परतल्या असत्या, आणि एकदा परतलेली मुलगी पुन्हा येत नाही, हे बाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं.

बाई तेव्हा अधीक्षिकापदावरून निवृत्त झाल्या होत्या, पण राहायला त्याच आवारात होत्या. त्यांनी मला बोलावलं. मी इथल्याच एका बँकेत शाखाधिकारी आहे. कपाटातून प्रवेशाची जुनी रजिस्टरं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "इतक्या पोरी या घरातून गेल्या. त्या काई मेल्या नाई. त्याइले हुडकून काढ. जिच्यानं जे होईन ते करन."

मी नावं उतरवू लागले. पत्ते, फोन, सध्या काय करते, असे रकाने आखले. मोठ्या उत्साहात होते. आमच्या पाचवीच्या वर्षाचं पान आलं आणि माझ्या नावाखाली मंगला गेडाम हे नाव आलं. त्याच रात्री मी यादीचे दोन भाग केले: नोकरीत असलेल्या आणि नसलेल्या. दुसऱ्या भागावर रेघ मारली. बाईंना सांगितलं, "ज्यांना पगार आहे त्यांनाच विचारू या. बाकीच्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल. नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न पडेल त्यांना."

ऐकायला हे फार समजूतदारपणाचं होतं. दुरुस्तीच्या समितीलाही पटलं. खरी गोष्ट अशी होती की एक नाव गाळायचं म्हणून मी साठ नावं गाळली.

मंगला माझ्याच तालुक्यातली. पाचवीपासून आम्ही एका खोलीत होतो. एकाच मुकादमाच्या हाताखाली आमच्या दोघींचे बाबा काम करत. दहावीनंतर तिने परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला. तिची निवड झाली नाही, पण प्रतीक्षायादीत नाव होतं. तोवर अकरावीला ती माझ्याबरोबर राहिली. तिच्या बाबांनी सांगून ठेवलं होतं की प्रशिक्षणाला लागली तर ठीक, नाहीतर अजून एक वर्ष ठेवणं जमणार नाही.

त्या वर्षी शहरातल्या दोन मुली वसतिगृहात आल्या होत्या. त्यांना मी सांगितलं होतं की माझे वडील कचेरीत बाबू आहेत. एकदा जेवताना त्यांतल्या एकीने काही विचारलं आणि मंगला सहज बोलून गेली, "अवो, तिचे बाबा रोडच्या कामावर आहेत. माझ्या बाबाच्या संगंच गिट्टी टाकते." तिच्या मनात काही नव्हतं. मी ताटावरून उठले आणि तिच्याशी बोलणं सोडलं.

त्याच आठवड्यात बाईंच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. बाई डबा घेऊन जात, धावत परत येत. कार्यालयातल्या फोनवर आम्ही मोठ्या मुली आळीपाळीने बसत असू. शनिवारी दुपारी मी बसले होते. गडचिरोलीहून फोन आला. प्रशिक्षण केंद्रातल्या बाई बोलत होत्या. एक जागा रिकामी झाली आहे, मंगला गेडामचा नंबर लागला आहे, सोमवारी अकराच्या आत मूळ दाखले घेऊन यावं, न आल्यास जागा पुढच्या मुलीला जाईल. मी म्हटलं, "हो मॅडम, सांगते."

मला तेव्हा एवढंच करायचं होतं की जरा वेळ तिला कळू द्यायचं नाही. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी ती त्या दोन मुलींबरोबर हसत होती. मला वाटलं, मलाच हसतायत. सकाळी सांगू, म्हटलं. सकाळी तिचे बाबा आले आणि ती दोन दिवसांसाठी गावी निघून गेली. बस सुटताना मी खिडकीतून पाहिलं. अजूनही धावत जाऊन सांगता आलं असतं. मी गेले नाही.

मंगळवारी पुन्हा फोन आला तो बाईंनी उचलला. जागा दुसरीला गेली होती. बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "सुनंदा, शनवारी फोनवर तू होती न?"

मी म्हटलं, "दुपारी तुम्हीच बसल्या होत्या, बाई. मी जेवायला गेले होते."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, पकडली गेले. त्या आठवण्याचा प्रयत्न करत होत्या. मग कपाळावरून हात फिरवून म्हणाल्या, "हो का. आईच्या पायी मले काई सुचूनच नाई राह्यलं."

मंगला वसतिगृहात परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. आणि बाईंनी पदराला पेन्सिल बांधली.

मोहीम सुरू झाल्यावर काही दिवसांनी बाईंनी माझी यादी मागवून घेतली. चष्मा पुसून त्या एकेक नाव वाचत गेल्या. रेघ मारलेल्या नावांवर बोट ठेवून विचारलं, "हे काऊन खोडले?"

मी माझं कारण पुन्हा सांगितलं. त्यांनी यादी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मी खोडलेल्या पोरीइकडं चालली. तुले सुट्टी असंन तं गाडी घेऊन ये. नसंन तं यष्टी आहेच."

त्र्याहत्तर वर्षांच्या बाईंना एकटं जाऊ देणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही कोरपन्याला गेलो. रेखा नावाची माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलगी तिथे शिलाईकाम करते. नवरा सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटी कामावर होता, तो वारला. बाईंनी सगळं सांगितलं. रेखाने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या मैत्रिणींना महिन्याभरापूर्वीच फोन गेले, हे तिच्या कानावर आलं होतं.

"मले काऊन नाई बोलावलं, ताई? मी काई मेली होती का?"

आम्ही निघताना तिने सांगितलं की दुरुस्तीनंतर लागतील तेवढ्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे ती शिवून देईल, फक्त कापड पोचवा. परतताना बाई म्हणाल्या, "उद्या गोंडपिपरीकडं."

मंगलाच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. ती शाळेत मुलांचं जेवण शिजवते आणि हंगामात गावातल्या बायांना घेऊन तेंदूपत्ता तोडायला जाते. आम्हाला पाहताच ती हातातला झाडू टाकून धावली. बाईंच्या पाया पडली आणि मग मला मिठी मारली. "अवो सुनंदा! किती मोठी सायेब झाली तू! एखांद्या टायमाले तरी याचं नाई का?" तिने बाज टाकली, शेजारणीला चहा ठेवायला सांगितलं.

बाईंनी वसतिगृहाचं सांगितलं. मंगला लक्ष देऊन ऐकत होती. मग ती शेजारणीला सांगू लागली, अभिमानाने, की या बाई कोण. "मी नर्स होनार होती. निरोप नाई भेटला म्हून राह्यलं. तं या बाई माझ्या बापाच्या घरी आल्या. उन्हातान्हात, यष्टीतून उतरून पायी. माझ्या बापापुढं हात जोडून उभ्या राह्यल्या. म्हने, भाऊ, चूक माझी झाली, तुमच्या पोरीचं नुसकान माझ्या पायी झालं. इतकी मोठी बाई! माझा बाप रडाले लागला."

बाई म्हणाल्या, "जाऊ दे न ते आता."

बाई तिच्या गावी गेल्या होत्या, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. वसतिगृहात त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. हातातली कपबशी मी खाली ठेवली. मी ठरवून बोलले असं म्हणणं खोटं होईल. मला तिथे बसवेना.

"मंगला, फोन मी घेतला होता," मी म्हटलं. "बाई नव्हत्या. मीच होते. तुला मुद्दाम सांगितलं नाही. आणि बाईंना सांगितलं की फोनवर त्याच होत्या."

शेजारीण माझ्याकडे, मग मंगलाकडे पाहू लागली. मंगला उठली. बाईंच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, तुमी चहा घ्या. थंडा होऊन राह्यला." आणि घरात गेली.

बाई तशाच बसल्या होत्या. कप त्यांनी उचलला नाही. शेवटी शेजारीणच म्हणाली की चारच्या आत निघा, नाल्याकडे वाघ फिरतो आहे. आम्ही उठलो तेव्हा मंगला बाहेर आली. तिने तोंड धुतलं होतं. ती फक्त बाईंशी बोलली. "तेंदूचा हंगाम सरला का मी येते, बाई. संगं बाया आनते. मजुरी नोको. वसतिगृह माझंबी आहे." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

बऱ्याच अंतरावर बाईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मी मागे जाऊन उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"बापापुढं हात जोडले त्याचं मले काई नाई," त्या म्हणाल्या. "पोरगी माझ्या घरात होती, चूक कोनाचीबी असो, हात मीच जोडले असते. पन सुनंदा, इतके वर्सं मी माझ्या डोक्यावर भरोसा नाई केला. मले वाटे, मी पोरीइचं नुसकान करते. एकेक गोष्ट लिवून ठेवे न मंग झोपतानी तीनदा पाहे, काई राह्यलं तं नाई म्हून." मग म्हणाल्या, "आज मले आनखी काई बोलू नोको."

मी त्यांना घरी सोडलं. चार दिवस त्यांचा फोन आला नाही. मी एक पत्र लिहून आवारातल्या पहारेकऱ्याकडे दिलं की मी या कामाला लायक नाही, यादी दुसऱ्या कुणाकडे द्यावी. पाचव्या दिवशी बाई बँकेत आल्या. पेन्शनवाल्यांच्या रांगेमागे बाकावर बसून राहिल्या. शिपायाने आत येऊन सांगितलं, तेव्हा मला कळलं. मी धावत बाहेर गेले. त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि माझं पत्र टेबलावर ठेवलं.

"चूक केली का काम सोडून पळाचं, हे कोन शिकवलं तुले? मी तं नाई शिकवलं."

मी रडू लागले. काचेपलीकडून लोक पाहत होते.

"रडू नोको, ऐक. साठ नावं तू खोडले. आता तूच जा. गाडीनं नोको जाऊ, यष्टीनं जा. गाडीवाली बाई दारातूनच वापस येते. यष्टीवालीले बस येयेपर्यंत लोकाइच्या घरी बसा लागते. न जाशीन तिथी पह्यले खरं सांगजो, का तुझं नाव मीच गाळलं होतं म्हून."

"बाई, तुम्ही मला माफ..."

"ते मले नाई जमलं अजून," बाई सरळ म्हणाल्या. "जमन तवा सांगीन. तोवर काम कर."

बाईंच्या थोरवीविषयी या ग्रंथात पुष्कळ लिहिलं जाईल. माझ्या लेखी त्यांची थोरवी या उत्तरात आहे. त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही आणि दारही लावून घेतलं नाही.

मार्च-एप्रिलच्या सगळ्या सुट्ट्या मी एसटीत काढल्या. प्रत्येक घरात पहिलं वाक्य तेच म्हणायचं होतं. पहिल्या दोन घरांत ते मला धड म्हणता आलं नाही. एकीने ऐकून दार लावून घेतलं. एकीने हसून आंबील पाजली. गडचिरोलीच्या आतल्या एका गावात अंगणवाडी चालवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "मंग आता काऊन आली?"

"बाईंनी पाठवलं."

"तं बस," ती म्हणाली.

नोकरीतल्या मैत्रिणींनी मोठ्या रकमा दिल्या, त्यांचे आभार गौरवसमितीने योग्य जागी मानले आहेत. त्यांच्याविना सिमेंट-लोखंड आलं नसतं. पण छत काढताना, माल वाहताना, भिंती घासताना, तापलेल्या मे महिन्यात ज्या हातांनी काम केलं, ते बहुतेक माझ्या रेघेखालचे होते. कुणी चार दिवस आल्या, कुणी पंधरा. अंगणवाडीवाली मैत्रीण सुट्टीत लेकींना घेऊन आली आणि सगळ्यांचा स्वयंपाक तिने सांभाळला. रेखाने चादरी शिवल्या. एकीने काही देता येत नाही म्हणून आपल्या बैलगाडीवाल्या भावाला विटा ओढायला लावलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मंगला आली. तिच्याबरोबर गावातल्या सात बाया होत्या, ज्यांनी हे वसतिगृह कधी पाहिलंही नव्हतं.

मंगला आली त्या दिवशी मी घमेलं घेऊन रांगेत उभी राहिले. तिच्या हातातून घमेलं माझ्या हातात येई, पण ती बोलत नसे. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "मंगला, तुला जे बोलायचं असेल ते बोल. शिव्या दे."

तिने घमेलं खाली ठेवलं. "माझ्या पोरीच्या बाळंतपनात गावात नर्स नव्हती," ती म्हणाली. "रस्त्यात गेलं लेकरू. तवा मी म्हणलं होतं, मी नर्स असती तं. आता तूच सांग, तुले मी काय बोलू?"

तिने घमेलं उचलून पुढे दिलं.

जूनच्या आधी अभियंत्यांनी पुन्हा तपासणी करून संमती दिली. मुली परत आल्या. पहिल्या सभेत माजी विद्यार्थिनींचं कायमचं मंडळ करायचं ठरलं. सगळ्यांना वाटत होतं की अध्यक्षपद कुणातरी अधिकारीबाईकडे जाईल. बाईंनी मंगलाचं नाव सुचवलं आणि चिटणीस म्हणून माझं. मंगला म्हणाली, "मले लिवाचं काई येत नाई आता." बाई म्हणाल्या, "लिवाले ती आहे. कोनाले बोलवाचं ते तू सांगजो. कोनाले गाळाचं नाई, हे तुले तिच्यापेक्षा चांगलं समजते."

गेली दोन वर्षं मी मंगलाच्या हाताखाली काम करते आहे. ती फोन करते, कोणाला भेटायचं ते सांगते, मी जाते. कामात ती अत्यंत चोख आहे. माझ्याशी ती नीट बोलते, पण आता मला 'तू' म्हणत नाही. 'मॅडम' म्हणते. दर वेळी तो शब्द मला जिथे लागायचा तिथे लागतो, आणि तो लागावा हे बरोबरच आहे.

हा लेख लिहायचा की नाही, हे विचारायला मी बाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, गौरवग्रंथात असलं काही शोभेल का? बाई म्हणाल्या, "माझ्या गौरवात खोटं छापून मले काय भेटनार? पन हे एकल्या तुझं नाई. मंगलाले विचार."

मी मंगलाच्या गावी गेले. तिला बसून सगळं वाचून दाखवलं. तिच्या लेकीच्या बाळाचा मजकूर आला तिथे मी थांबले, तर तिने पुढे वाचायला खुणावलं. वाचन संपलं. मी म्हटलं, "हवं तर तुमचं नाव बदलते." तिच्या 'मॅडम'नंतर मलाही तिला 'तू' म्हणवत नाही.

"नाव नोका बदलवू, मॅडम," ती म्हणाली. "एकडाव गाळलं, तेवढं बस झालं."

म्हणून तिचं नाव इथे जसंच्या तसं आहे.

बाईंना आता गुडघ्यांचा त्रास आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आहे आणि बाई दिवसातून चार वेळा वरच्या मजल्यावर जाऊन मुलींना पाहून येतात. त्यांनी मला अजून माफ केल्याचं सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर आणि झोप शाबूत राहो, रात्री काहीही तपासून न पाहता त्यांना शांत झोप लागो, एवढंच आम्हा सगळ्या मुलींचं मागणं आहे. आम्हाला खरं बोलायला फार वर्षं लागतात. तेवढी वर्षं बाईंना मिळोत.